आधीचं आमेन

परवा रविवारी दुपारी जेवायला बसलो तेव्हा आमच्यात सकाळपासून अबोला होता. कारण म्हटलं तर फ्रॉक. लेकीचं यंदा पहिलं कम्युनियन आहे, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा पवित्र भाकर घ्यायची, त्यामुळे सासूबाईंचे वसईहून व्हॉट्सअपवर फ्रॉकचे फोटो येतायत, पांढरे, जाळीचे, इतके फुगीर की पोरगी रिक्षात मावायची नाही. मी म्हटलं साधा कॉटनचा शिवू, तर नवरा म्हणाला एकदाच असतं गं. मी म्हटलं लग्नपण एकदाच असतं, तेव्हा मी उसनी साडी नेसले होते. हे खोटं होतं, साडी चांगली पैठणी होती आणि पैसे पप्पांनी दिले होते, पण भांडणात कोण एवढं बघतं.

तर चपात्या गरम, सुक्या बोंबलाची चटणी, वरणभात, आणि प्रार्थनेची पाळी लेकीची. तिने बापासारखी क्रूसाची खूण केली आणि मग माझ्या माहेरच्यासारखी मनाने सुरू झाली, देवा तुझे आभार, शाळेला सुट्टी दिलीस, बोंबील दिलेस, फ्रॉक कुठलाही चालेल पण जाळी असू दे. मग तिघांनी मिळून प्रभूची प्रार्थना. 'आम्हाला वाइटापासून सोडव' झालं की नवरा आमेन म्हणून चपाती घेतो, कारण त्यांची, म्हणजे कॅथलिकांची, तिथे संपते, आणि मी एकटी पुढे 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव' करत राहते. (मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या उपासनेत, तेही म्हणतात, फादर मध्ये एक प्रार्थना करतात त्याच्यानंतर. पण घरी नाही.) गेली अकरा वर्षं असंच चाललंय. त्यादिवशी मला पहिल्यांदा ऐकू आलं की लेक दोन्हीकडे आमेन म्हणते. एक बापाबरोबर, मग माझ्याबरोबर शेवटपर्यंत येऊन परत एक. कधीपासून म्हणते देव जाणे. विचारलं तर म्हणाली, दोन असतात ना?

मी नगरची. आता जिल्ह्याचं नाव बदललंय पण तोंडात नगरच येतं. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं, आमच्याकडची मंडळी त्यातली, प्रोटेस्टंट. नवरा वसईकडचा कॅथलिक, आणि वसई पोर्तुगीजांच्या हातात गेली १५३४ साली, म्हणजे आमच्यापेक्षा तीनशे वर्षांनी सीनियर. सासरे हे कुठल्याही गप्पांमध्ये तिसऱ्या वाक्याला काढतात. लग्नाला बिशपची परवानगी लागली, मुलं कॅथलिक पद्धतीने वाढवायचा प्रयत्न करीन असं नवऱ्याने कबूल केलं, ते मला रीतसर सांगितलं गेलं, आणि पप्पा एवढंच म्हणाले, येशू तोच आहे ना, मग झालं. नंतर मात्र दोन दिवस जेवणाआधीची त्यांची प्रार्थना नेहमीपेक्षा लांब झाली.

पप्पांची प्रार्थना लांबच असायची. आमच्याकडे पाठ प्रार्थनेला फारशी किंमत नाही, मनाने करायची. पप्पा एका पतसंस्थेत वसुलीला होते, दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून फार बोलता यायचं नाही, शिव्याच खायच्या, त्यामुळे संध्याकाळी साठलेलं सगळं ताटासमोर निघायचं. चर्चच्या मंडळीतले आजारी, पाळकसाहेबांची बदली, पाऊस, माझं गणित, सगळ्यांचे नंबर लागायचे. रस्स्यावर साय धरायची. शेवटी प्रभूची प्रार्थना यायची आणि त्यात पप्पा अगदी गहिवरून म्हणायचे, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे', की मम्मी डोळे मिटूनच पुटपुटायची, कुणाला सोडलं ते पण सांगा की.

पण मम्मीचं खरं हत्यार आमेन होतं. दोघांचं वाजलेलं असलं की पप्पा थेट काही बोलायचे नाहीत, सगळं देवामार्फत जायचं. हे प्रभू, या घरात ज्यांना राग लवकर येतो त्यांना शांती दे. आम्ही भावंडं एक डोळा उघडून मम्मीकडे बघायचो. मम्मी आमेन म्हणायचीच नाही. आणि तिने म्हटल्याशिवाय पप्पा घास उचलायचे नाहीत, त्यामुळे ताटं समोर घेऊन आम्ही चौघं तसेच बसलेलो, बाहेर कुणाचा तरी रेडिओ चालू, भाकरीचा पापुद्रा फुगलेला खाली बसतोय. मग केव्हातरी ती भाजीचं पातेलं पुढे ढकलत, आवाज न चढवता, आमेन म्हणायची आणि त्यातच वाढायला लागायची. कधीकधी पाच मिनिटं जायची. पप्पा म्हणाले किती वेळ गं, तर उत्तर ठरलेलं, टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली, ते थांबलेच ना? ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणजे नगरला आमच्या लोकांच्या नात्यातलेच असल्यासारखे, भांडणात दोन्ही बाजूंनी साक्षीला येतात.

भाकरीवरून आठवलं. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे मी कितीतरी वर्षं बाजरीच्या भाकरीबद्दलच समजत होते. समजत होते म्हणजे काय, शंकाच नव्हती. येशूने पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजार लोकांना वाढले तर त्या पाच भाकरी मम्मी थापते तशाच, काठाला जरा करपलेल्या. शेवटच्या भोजनात त्याने भाकर घेतली, उपकारस्तुती केली आणि मोडली, तर भाकरी मोडूनच खातात की, सुरी कोण लावतं. त्यामुळे मोठी होऊन माझं दृढीकरण झालं, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा विधी, आणि पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे आमच्याकडचं कम्युनियन, घेतलं तेव्हा ताटातून समोर आला पावाचा चौकोनी तुकडा, बोटाच्या पेराएवढा, आणि छोट्या ग्लासात द्राक्षाचा रस. तो गंभीर क्षण होता, मला कळत होतं, पण मनात एकच, हा तर ब्रेड. घरी आल्यावर मम्मीला म्हटलं तर ती म्हणाली भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते, एवढ्या लोकांना कोण थापत बसेल. तिने हे अगदी व्यवहाराने सांगितलं, त्यात काही चुकलंय असं तिला वाटलं नाही.

आता लेकीला आठव्या-नवव्या वर्षीच मिळणार, आणि पावपण नाही, ती पातळ पांढरी चकती. फ्रॉकचा राग खरा तिथला असेल. मी पंधरा वर्षांची होईपर्यंत थांबले होते ना. का थांबायचं याचं उत्तर तेव्हा पाठ होतं, आता नाही सांगता येणार.

वसईला लग्नानंतर पहिल्यांदा राहायला गेले तेव्हा संध्याकाळी रोजरी, माळेवरची प्रार्थना. सगळं घर गुडघ्यावर, सासरे पुढे, वाक्य अर्धं ते म्हणणार आणि अर्धं बाकीचे, इतकं भराभर की मला शब्द वेगळे काढता येईनात. एकीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातायत, एकीकडे नणंद डास मारतेय, आणि प्रार्थना आपली अखंड चालू. मला तेव्हा वाटलं यात मन कुठे आहे, सगळं पाठ. मग संपल्यावर लहानांनी मोठ्यांचे आशीर्वाद घेतले, सासूबाईंनी माझ्या कपाळावर हात ठेवला, हाताला सुकेळ्यांचा वास होता, आणि मी पप्पांना फोनवर रिपोर्ट द्यायचा विसरले.

पप्पा गेले चार वर्षांपूर्वी, पावसाळ्यात. कबरस्तानातून आल्यावर शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली होती. सगळे पंगतीला बसल्यासारखे खाली बसले, ताटं वाढून झाली, आणि कुणीच हात लावेना. मला एकदम कळलं की सगळे वाट बघतायत. प्रार्थना पप्पाच करायचे, दुसऱ्या कुणाला ती सवयच नव्हती. भावाने खाली मान घातली. मम्मी म्हणाली, हे प्रभू, हे अन्न, आणि तिथेच थांबली. पुढे येईना. पिठल्याची वाफ दिसत होती. मनाने प्रार्थना करणाऱ्या आमच्या घरात त्या दिवशी कुणाच्या मनात एक वाक्य नव्हतं.

तेव्हा नवऱ्याने सुरू केलं, हे आमच्या स्वर्गातील पित्या. त्याच्याकडचे शब्द आमच्यापेक्षा जरा वेगळे आहेत, पण तो आमचे म्हणत होता, मध्ये एकदा अडखळला, भाऊ मागून आला, मग काकू, मग सगळे. 'वाइटापासून सोडव' आलं. मी सवयीने त्याच्या आमेनसाठी थांबले. तो थांबला नाही. 'कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत', शेवटपर्यंत आला. मम्मी आमेन म्हणाली, लगेच म्हणाली, आणि पिठल्याचं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

हे मी त्याला कधी बोलले नाही. त्यालाही ते लक्षात असेल असं वाटत नाही.

परवा मात्र परत आधीच आमेन आणि चपातीला हात. लेकीचं दुसरं आमेन होईपर्यंत त्याचा अर्धा घास तोंडात होता. मी चटणीची वाटी त्याच्याकडे सरकवली. तो म्हणाला, तिखट झालीय. मी म्हटलं, मग जाळी कमी असलेला बघ एखादा.