सर्च रिपोर्ट स्वच्छ आला, पण काका २०१९ साली गेले होते

डोंबिवली पूर्वेला रिसेलचा फ्लॅट घ्यायचं ठरल्यावर सासरी-माहेरी सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला. बँक सर्च करतेच ना, मग वेगळ्या वकिलाला पैसे कशाला? प्रश्न वाजवी आहे. कर्ज देणारी बँक तिच्या पॅनेलवरच्या वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मिळकतीच्या नोंदवलेल्या व्यवहारांचा शोध, काढून घेते आणि त्याची फीसुद्धा आपल्याच खिशातून जाते. पण तो रिपोर्ट बँकेसाठी असतो. पुष्कळदा आपल्याला प्रत मिळत नाही, मिळालीच तर शेवटचं ‘टायटल क्लिअर अँड मार्केटेबल’ एवढंच वाचून आपण पेढे आणायला जातो. उद्या काही झालंच तर बँकेला वसुलीसाठी आपला पगार आहे. आपल्याकडे काय, तो फ्लॅटच.

म्हणून आम्ही स्वतःच्या वकीलबाई धरल्या. कल्याण कोर्टातल्या, तोडून बोलणाऱ्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, “गाव कुठलं?” मी म्हटलं, “माहेर चिपळूणचं.” “अहो, तुमचं नाही. फ्लॅटचं.”

डोंबिवली शहर उभं आहे ते आयरे, चोळे, ठाकुर्ली, गजबंधन पाथर्ली अशा महसुली गावांवर. सगळे जुने करारनामे ‘मौजे अमुक, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे’ असेच सुरू होतात. सर्च त्या गावाच्या नावाने आणि सर्व्हे नंबरने घेतात. बिल्डिंगचं नाव, रोड, समोरचं गणपतीचं देऊळ यांचा तिथे काही उपयोग नाही. आमची बिल्डिंग गजबंधन पाथर्लीतली निघाली. इतकी वर्षं तिथून रिक्षाने जातेय, हे नाव कधी ऐकलं नव्हतं.

नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च आहे, तो मी हौसेने घरी बसून करून पाहिला. वर्ष, गाव, मिळकत क्रमांक, वर तो वेडावाकडा कॅप्चा. पहिल्यांदा काहीच सापडलं नाही आणि मला वाटलं, चला, भानगड नाही. मग वकीलबाईंनी सांगितलं की सर्व्हे नंबर ४५, हिस्सा नंबर २ ही एकच जमीन कुणी ४५/२ अशी चढवतं, कुणी नुसती ४५, कुणी ‘स. नं. ४५ हि. नं. २’. सगळ्या तऱ्हांनी शोधायचं, आणि त्यानंतरही काही नाही आलं तरच ‘काही नाही’ म्हणायचं. (आकडे इथे बदललेत, उगाच कुणी शोधत बसू नका.) दुसऱ्या तऱ्हेने टाकल्यावर फ्लॅट ज्यांच्या नावावर होता त्या काकांचा २००४ चा करार लगेच समोर आला.

त्याच्या आधीचा भाग ऑनलाइन मिळाला नाही. नोंदणी संगणकावर गेली ती २००२ च्या आसपास. मागची वर्षं पाहायला दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत सूची दोनची, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याची, हाताने लिहिलेली रजिस्टरं उघडावी लागतात. वकीलबाईंचा सर्च घेणारा माणूस ते करतो. त्याचा कच्चा कागद मी मागून घेतला. प्रत्येक वर्षापुढे एक ओळ होती. बहुतेक ओळींत ‘निरंक’, एका वर्षापुढे बिल्डरने पहिल्या मालकाला फ्लॅट विकल्याची नोंद, आणि मधल्या दोन वर्षांपुढे ‘काही पाने फाटलेली, काही गहाळ’. हे शेवटचं वाचून माझ्या पोटात गोळा आला. वकीलबाई मात्र शांत. फाटलेल्या पानांचा उल्लेख रिपोर्टात होतो आणि तेवढ्या काळापुरती जाहीर नोटीस नीट द्यायची, म्हणाल्या. वर्तमानपत्रात ‘चौदा दिवसांच्या आत हरकत घ्यावी’ अशा ज्या बारीक टायपातल्या नोटिसा आपण उलटून टाकतो ना, त्या यासाठी असतात.

तर रिपोर्ट स्वच्छ आला. बिल्डर ते पहिला मालक, पहिला मालक ते काका. साखळी पूर्ण, बोजा नाही. आमच्या एजंटने लगेच टोकनचा विषय काढला.

पण काका २०१९ साली गेले होते. सर्चमध्ये दिसतात ते नोंदवलेले दस्त. माणूस गेल्याची नोंद दुय्यम निबंधकाकडे होत नसते, त्यामुळे त्याच्या लेखी फ्लॅट अजून काकांचाच. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या पाठीवर काकूंचं नाव चढलं होतं, तेही नॉमिनी म्हणून. सेक्रेटरी छातीठोकपणे सांगत होते की काकूच मालक. नॉमिनीकडे सोसायटी मेंबरशिप तात्पुरती देते, मालकी वारसांची असते, हे सोसायट्यांच्या कमिट्यांना अजून पटत नाही. काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. मुलगा पुण्याला, मुलगी लग्न होऊन हुबळीला. “मुलीची सही कशाला?” एजंट म्हणाला, “तिचं तर लग्न झालंय.” हिंदू वारसा कायदा १९५६ चा. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, मुलगा, मुलगी यांचा सारखा वाटा तेव्हापासून आहे, आणि हा गृहस्थ २०२० नंतर लोकांना घरं विकतोय!

मुलगी आली. काहीही खळखळ न करता. दोघा भावंडांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र केलं आणि ते रीतसर नोंदवलं. करारावरच तिघांच्या सह्या घेऊनही चाललं असतं, पण वकीलबाईंना तो दस्त वेगळा हवा होता, म्हणजे उद्या आमच्याकडून कुणी घेईल तेव्हा त्याच्या सर्चमध्ये ही कडी दिसेल.

तारण बोजाचं सेरसाईच्या, म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, साइटवर पाहिलं, कारण मूळ कागद बँकेत ठेवून काढलेलं जुनं कर्ज सूची दोनमध्ये सापडेलच असं नाही. कोर्टातले दावे ई-कोर्टवर पक्षकारांच्या नावाने पाहिले. दोन्हीकडे काही निघालं नाही.

खरा वेळ गेला जमिनीवर. फ्लॅटचा सर्च आणि त्याखालच्या जमिनीचा सर्च हे दोन वेगळे, आणि फ्लॅट घेणारे दुसऱ्याकडे बघतच नाहीत. महाभूमीवरून पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढला, तर त्यावर मूळ शेतकरी कुटुंबाची नावं जशीच्या तशी. इतर हक्कांत शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा एक जुना किरकोळ बोजा. मागचे फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढत गेलो तेव्हा कळलं की जमीन कुळकायद्यात कुळाला मिळालेली होती. अशी जमीन विकायला तेव्हा त्याच कायद्याच्या कलम ४३ ची परवानगी लागायची. ती घेतली होती का, हे वकीलबाईंनी बिनशेती आदेशात आणि फेरफारात दोन्हीकडे पाहिलं, तेव्हा कुठे त्यांनी चष्मा काढला.

बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला आम्ही विक्रेत्याच्या झेरॉक्सवर न सोडता नगररचना विभागाच्या मूळ नोंदीशी ताडून घेतला. इथल्या लोकांना याचं कारण सांगायला नको. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून महारेराचा नंबर मिळवला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितलं. त्या लोकांनीही रेरा नंबर बघूनच घरं घेतली होती, बँकांनी कर्जंही दिली होती.

आता आमच्या बिल्डिंगचं उरलंय ते कन्व्हेयन्स. मोफा या फ्लॅटविक्रीच्या राज्य कायद्याप्रमाणे सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. आमची सोसायटी वीस वर्षांहून जुनी आहे. जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने करून दिलं नाही तरी कन्व्हेयन्स, मागायची सोय २००८ पासून आहे, पण मागच्या कमिट्यांनी दर वार्षिक सभेत ‘पुढच्या वर्षी पाहू’ एवढंच लिहून ठेवलंय. सातबारा, बिनशेती आदेश, फेरफार हे सगळं आमच्या सर्चमुळे आयतं जमलंय. सेट झेरॉक्स करून सेक्रेटरींना देऊन ठेवला. ते म्हणाले, “वहिनी, मेंबर होऊन महिना नाही झाला तुम्हाला!” म्हटलं, म्हणूनच आत्ताच देतेय.