लॉसीमथच्या वालुकाश्मातले दोन डायनासोर-नातलग

स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसहून ॲबर्डीनकडे जाणारी रेल्वे वाटेत एल्गिनला थांबते आणि तिथून उत्तरेला, मोरे फर्थ या आखाताच्या किनाऱ्यावर वसलेले लॉसीमथ बसने अगदी जवळ आहे. एल्गिनला उतरणारे प्रवासी सहसा तिथले भग्न कॅथीड्रल पाहायला जातात. मला ओढ होती ती या परिसरातल्या फिकट पिवळ्या वालुकाश्माची. इथली कित्येक घरे ज्या दगडाने बांधली आहेत, तोच दगड काढताना लॉसीमथच्या खाणींमधून सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे, ट्रायासिक काळातले सरपटणारे प्राणी बाहेर आले. त्यांपैकी स्क्लेरोमोक्लस आणि साल्टोपस हे दोन लहानखुरे प्राणी माझ्या या प्रवासाचे कारण होते.

लॉसीमथची पूर्वेकडील खाण आज संरक्षित भूवैज्ञानिक स्थळ आहे, तेव्हा हातोडी घेऊन येण्याचे कारण नाही. दगडातले तिरपे थर मात्र नुसत्या डोळ्यांनी वाचता येतात. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांच्या उतारांचे हे थर आहेत, म्हणजे हे प्राणी ज्या भूभागात गाडले गेले तो कोरडा आणि वालुकामय होता. जवळच्या हवाई दलाच्या तळावरून उडणारी लढाऊ विमाने अधूनमधून डोक्यावरून गडगडत जातात आणि ट्रायासिक काळात रमण्याचा प्रयत्न मोडून काढतात.

एल्गिनचे संग्रहालय १८४३ पासून आहे आणि या परिसरातील जीवाश्मांसाठीच ते नावाजलेले आहे. इथे स्टॅगोनोलेपिस या चिलखती प्राण्याची गोष्ट कळते. लुई अगासीने १८४४ मध्ये त्याचे खवले माशाचे ठरवले होते. पुढे तो सरपटणारा प्राणी असल्याचे थॉमस हक्सलीने दाखवले आणि त्याबरोबर या दगडाच्या वयाचाही फेरविचार करावा लागला. स्क्लेरोमोक्लस आणि साल्टोपस यांचे मूळ नमुने मात्र लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, हे ध्यानात ठेवूनच इथे यावे.

दोन्ही प्राण्यांचे नमुने विल्यम टेलर या संग्राहकाने मिळवले आणि दोघांचीही शास्त्रीय ओळख डायनासोर म्हणूनच झाली. आर्थर स्मिथ वुडवर्डने १९०७ मध्ये स्क्लेरोमोक्लसचे, तर फ्रिडरिश फोन ह्यूनेने १९१० मध्ये साल्टोपसचे वर्णन केले. आज दोघेही त्या यादीबाहेर आहेत आणि तेही वेगवेगळ्या दिशांनी, हे मला या प्रकरणातले सर्वांत रंजक वाटते.

अडचण दगडातच आहे. इथे मूळ हाड बहुधा उरत नाही. ते विरघळून गेल्यावर त्याच्या आकाराची पोकळी राहते आणि अभ्यासकाला त्या पोकळीचा साचा घेऊन हाड कल्पावे लागते. साल्टोपसची तर कवटीही सापडलेली नाही. मांजराएवढा, लांब शेपटीचा हा प्राणी जेमतेम एक मीटरपर्यंत लांब असावा. ह्यूनेला त्याच्या कमरेत श्रोणीला, म्हणजे नितंबाच्या हाडांना, जोडलेले चार मणके दिसले होते आणि तेवढे मणके हे प्रगत लक्षण ठरले असते. मायकेल बेंटन आणि ॲलिक वॉकर यांची फेरतपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात असे मणके दोनच निघाले. ही तर सरपटणाऱ्या प्राण्यांची आदिम ठेवण. म्हणून साल्टोपसला डायनासोरांच्या उंबरठ्याबाहेर, डायनासोर आणि त्यांच्या निकटच्या नातलगांच्या डायनासोरिफॉर्म या व्यापक गटात ठेवले जाते. इतक्या अपुऱ्या सांगाड्याला याहून नेमकी जागा न देणे मला योग्यच वाटते.

स्क्लेरोमोक्लसचे नमुने अनेक आहेत, पण प्राणी वीस सेंटीमीटरांच्या आतबाहेरचा. डोके शरीराच्या मानाने मोठे, मागचे पाय लांब व सडपातळ, तळपायाची चार लांब हाडे एकमेकांना घट्ट चिकटलेली. बेंटन यांनी १९९९ मध्ये याच प्राण्याच्या अभ्यासातून ॲव्हेमेटाटार्सेलिया हा गट मांडला. मगरींच्या कुळापेक्षा पक्ष्यांच्या जवळचे सारे आर्कोसॉर, म्हणजे मगरी, डायनासोर आणि पक्षी ज्यात मोडतात त्या मोठ्या कुळातले प्राणी, त्यात येतात. उड्या मारणारा की धावणारा, दोन पायांचा की चार पायांचा, यावर मात्र वाद चालूच राहिला. २०२२ मध्ये दाविदे फोफ्फा आणि सहकाऱ्यांनी दगड न फोडता सूक्ष्म सीटी स्कॅनने आतल्या पोकळ्या मोजल्या. त्यातून मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकासह इतर लक्षणे लॅगरपेटिड या ट्रायासिक काळातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटाशी जुळली, आणि लॅगरपेटिड हे टेरोसॉरांचे, म्हणजे उडणाऱ्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे, निकटचे नातलग असल्याचे २०२० च्या संशोधनातून आधीच पुढे आले होते.

अर्थात स्क्लेरोमोक्लसला पंखांचा मागमूसही नाही. टेरोसॉरांचा पंख ज्यावर ताणला जातो ते अतिलांब चौथे बोट त्याच्या हातात दिसत नाही. त्यामुळे नाते पटले, तरी चालणाऱ्या पूर्वजापासून उडणाऱ्या टेरोसॉरापर्यंतचे मधले टप्पे लॉसीमथच्या या दगडातून मिळत नाहीत.