नटराजाच्या पायाखालचा तो

नटराजासमोर उभं राहिलं की नजर वरच अडकते. डमरू, अग्नी, उडालेल्या जटा. आज बडोद्याच्या दांडिया बाजारात भाचीचा भरतनाट्यमचा तास संपायची वाट बघत होते, म्हणून तिथल्या पितळी मूर्तीच्या पायाशी बसून निवांत पाहिलं. उजव्या पायाखाली अपस्मार नावाचा बुटका असुर, म्हणजे अज्ञान. पण तो मेलेला नाहीये! मान वर करून बघतोय. अज्ञान कायमचं मरत नाही, ते पायाखाली ठेवावं लागतं आणि त्यासाठी नाच थांबवून चालत नाही, असं मला त्यात दिसतं. एवढ्या आवेगातही चेहरा किती शांत!

डमरूतून सृष्टी, अग्नीत लय, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा उजवा हात अभय देतो, डावा उचललेल्या पायाकडे दाखवतो: आसरा तिथे. कानांकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. उजव्या कानात पुरुषाचं कुंडल, डाव्यात स्त्रीचं. अर्धनारीश्वर तिथे अलगद येऊन बसलाय.

ज्वाळांच्या वलयातलं हे रूप चोळांच्या काळातल्या धातुमूर्तींनी सर्वदूर नेलं. घारापुरीच्या दगडी नटेशाभोवती असं वलय नाही.

आणि हा भरतनाट्यमचा नाच बडोद्याला परका नाही बरं का. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी झालं आणि त्या सोयरिकीतून तंजावरच्या नर्तकी इथल्या दरबारात आल्या. तंजावरचं ते राजघराणंही भोसल्यांचं, आपलंच.