आमची वाटचाल: भंगाराच्या भावातल्या गाड्या

पहिलंच सांगून टाकतो, आम्ही गाड्या विकत नाही. तरी रोज कुणी ना कुणी विचारतंच. फियाटची पालिओ वन पॉइंट सिक्स आहे का, तीन दारांची झेन कुठे आहे का, कमी फिरलेली पोलो जीटी टीएसआय मिळेल का, अबार्थ पुंटोचं काही कानावर आलंय का. विचारणारे बहुतेक चाळिशी-पंचेचाळिशीचे. पालिओच्या जाहिरातीत सचिन होता तेव्हा हे कॉलेजात होते आणि खिशात रिक्षापुरतेही पैसे नसायचे. आता घराचे हप्ते संपत आलेत, खाली पार्किंगमध्ये एसयूव्ही उभी आहे आणि ती चालवताना जांभया येतात. मग आमचा नंबर फिरवला जातो.

आम्ही दुरुस्ती करतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा आहे, २००७ पासून. ज्या छोट्या पण दमदार इंजिनाच्या गाड्यांना आज लोक 'क्लासिक' म्हणतात, त्या भंगाराच्या भावात जात होत्या तेव्हापासून आम्ही त्यांची इंजिनं उघडतोय. हे एकदा लेखी राहावं म्हणून हा खटाटोप. कारण गेल्या दोन-चार वर्षांत या गाड्यांचे 'जाणकार' फार झालेत.

२००१ साली पालिओ आली. तिच्या जीटीएक्स मॉडेलला १५९६ सीसीचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन होतं, शंभर हॉर्सपॉवरचं. तेव्हा आपल्याकडे जिकडेतिकडे मारुती ८०० होती, तिची ताकद ३७. झेन चपळ म्हणून नावाजलेली, तिची ५०. फियाटचं दार लावलं की तिजोरी बंद केल्यासारखा आवाज यायचा. पेट्रोल मात्र प्यायची, त्यात खोटं नाही. पेट्रोलमुळेच लोक घाबरले, गाडीला दुसरा मालक मिळेना, आणि तीन-चार वर्षांतच भाव कोसळला. मग २००६ चं बजेट आलं. चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ टक्के. छोट्या गाडीत मोठं इंजिन घालण्याचा उद्योग त्या एका ओळीने जवळजवळ संपला. पहिल्या स्विफ्टला १.३ होतं, तेसुद्धा पुढे १.२ वर आलं. आज जे लोक विचारतात, 'आता अशा गाड्या का बनवत नाहीत?', त्यांनी ते बजेट वाचावं.

विलायतेत हेच वेगळ्या वाटेने झालं. १९७६ ला फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय विक्रीला आली, ११० हॉर्सपॉवर आणि वजन आठशे किलोच्या आसपास. १९८४ ला प्यूजोची २०५ जीटीआय. नव्वदीच्या सुरुवातीला त्या इतक्या चोरीला जायला लागल्या, पोरं त्या चोरून उडवायला लागली, की विम्याचे हप्ते सामान्य माणसाच्या हाताबाहेर गेले. लोकांनी मिळेल त्या भावाला काढल्या, बऱ्याच ठोकल्या, बऱ्याच गंजल्या. उरल्या त्या आता सोन्याच्या भावाने जातात. तिकडे चोर आणि विमा, इकडे बजेट. आणि जाता जाता सांगतो, त्या २०५ ची सख्खी बहीण ३०९, ती नव्वदीत आपल्या कल्याणला बनत होती. आपल्याला साधं १.४ चं पेट्रोल आणि डिझेल मिळालं, जीटीआय नाही. तरी ठाणे जिल्ह्याच्या मातीत प्यूजो बनली हे कल्याणच्या पोरांनाही माहीत नसतं.

आता मामांबद्दल. मामा माझे मामा नव्हेत, सगळेच त्यांना मामा म्हणायचे. ते कुर्ल्याच्या फियाटच्या कारखान्यात लाइनवर होते. उनो त्यांच्या हातून गेली, सिएना गेली, पालिओ गेली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ते माझे भागीदार झाले. पैसा माझ्या वडिलांनी दिलेला, पण हात त्यांचे. मी तोवर मारुतीच करत होतो. झेनचं इंजिन अॅल्युमिनियमचं, डोळे मिटून बांधायचो, त्याचाच तोरा होता. पहिल्या आठवड्यात मामांनी मला पालिओच्या हेडपुढे उभं केलं आणि विचारलं, "खुणा कुठायत?" मारुतीत टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, साधायला पुलीवर खूण, कव्हरवर खूण, जुळवलं की झालं. इथे खूण शोधायचीच नसते. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट जागेवर लॉक करायचे, पिस्टन डायल गेजने मोजून वर आणायचा, मग टायमिंगचा पट्टा चढवायचा, तो ताणून धरणारा टेन्शनर लावायचा, हाताने इंजिन दोनदा फिरवायचं आणि पुन्हा लॉक बसतोय का बघायचं. अंदाजाने पट्टा चढवणारे मेकॅनिक ठाण्यात शंभर होते. त्यांच्यामुळे आम्हाला काम मिळालं, कारण टायमिंग चुकलं किंवा पट्टा तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात.

कॅमशाफ्टचे ते लॉक विकत कुठे मिळणार? मामांनी आठवणीने कागदावर काढले, ओपेरा हाउसच्या एका जुन्या दुकानदाराकडून मूळ संच दोन दिवस मागून आणला, मापं तपासली, आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडून ईएन-आठ पोलादाच्या सळईतून करून घेतले. पहिला जोड त्यांनी नाकारला. केसाएवढी ढिलाई होती, आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. दुसरा जोड आजही वापरात आहे. तेलकट फडक्यात गुंडाळून लाकडी डब्यात असतो, आणि तो डबा नव्या पोराने उघडायचा नाही. लोक गॅरेज बघायला आले की लिफ्ट बघतात, स्कॅनर बघतात. फियाटचं बघायचं तर तो डबा बघावा. टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट मोजून आवळायचा पाना, तोही मामांचा. तो वापरून झाला की सैल करून ठेवायचा, स्प्रिंगवर ताण ठेवायचा नाही, हे मी पोरांना रोज सांगतो आणि ते रोज विसरतात.

मधली सात-आठ वर्षं बरी गेली. काम होतं, पैसे येत होते. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग तो आला. नवी मुंबईत जुन्या गाड्यांचं चकाचक दुकान, काचेच्या भिंती, संध्याकाळी पिवळे दिवे. नाव घेत नाही, या लाइनमधल्यांना कळेल. पोलो जीटीआय २०१६ मध्ये आली होती, २५.९९ लाख ऐकून लोक हसले होते, वर्षभरात ती १९.९९ लाखांवर आली. पण त्यामुळे 'हॉट हॅच', म्हणजे छोटी पण दमदार गाडी, हा शब्द लोकांच्या तोंडी बसला आणि या माणसाला वास लागला. तो जुन्या पालिओ, झेन, स्विफ्ट वन पॉइंट थ्री उचलायला लागला आणि कामाला आमच्याकडे पाठवायला लागला. महिन्याला चार-चार गाड्या. आम्ही खूश. उधारी वाढत गेली, पण एवढा मोठा माणूस, देईल म्हणून आम्ही थांबलो.

हळूहळू त्याच्या मागण्या कळायला लागल्या. इंजिन उघडू नका, नुसतं बाहेरून धुऊन काळं करा. धूर येतोय? जाड ऑइल टाका, टेस्ट ड्राइव्हपुरता दबतो. फ्लोअर सडलाय? वरून मॅट. मीटरचं काम तो दुसरीकडून करून घ्यायचा, तेवढी अक्कल त्याला होती. मामांनी एकदा त्याच्यासमोर गालिचा उचलून स्क्रू ड्रायव्हर फ्लोअरमधून आरपार घातला आणि म्हणाले, "साहेब, ही गाडी मी माझ्या जावयाला देणार नाही, तुमच्या गिऱ्हाइकाला कशी देऊ?" दुसऱ्या दिवसापासून गाड्या बंद, फोन बंद. उधारी बुडाली. वर आमची दोन तयार पोरं त्याने दीडपट पगारावर उचलली. पोरांना दोष देत नाही, त्यांनाही घरं आहेत.

तेवढ्यावर थांबतं तर चाललं असतं. काही महिन्यांनी नाशिकचे एक गृहस्थ टोइंगच्या गाडीवर पालिओ घालून आले. कसारा घाटात पट्टा तुटलेला, सोळापैकी बरेच व्हॉल्व्ह वाकलेले. हातात आमच्या बिलाची झेरॉक्स. 'टायमिंग किट बदलले, ठाणे' असं सांगून गाडी विकली होती. बिल आमचंच, पण ते ऑइल आणि ब्रेक पॅडचं. खाली 'टायमिंग किट' ही ओळ वेगळ्या अक्षरात. आमच्या कार्बन कॉपीत ती नव्हती. पण आमच्याकडे यायच्या आधीच त्यांनी पालिओवाल्यांच्या ग्रुपवर आमचं नाव टाकलेलं. खुलासा कोण वाचतो? पंधरा दिवसांत गाळा रिकामा झाला. भाडं थकलं, दोन खांबी लिफ्ट विकावी लागली. मामा म्हणाले, "मी गावाला जातो, तू परत मारुती कर." मीही जवळजवळ तयार होतो.

नाशिकच्या गृहस्थांसमोरच आम्ही इंजिन उघडलं. तुटलेला पट्टा कंपनीतून आला होता तोच, त्यावरचा छापही शाबूत होता. ते गप्प झाले. आम्ही फक्त पार्टचे पैसे घेऊन गाडी उभी करून दिली. त्यांनी ग्रुपवर माफीही लिहिली, पण बदनामी जितकी पसरते तितकी माफी पसरत नाही.

तेव्हा आम्हाला धरून ठेवलं ते नौपाड्याच्या डॉक्टरबाईंनी. त्यांच्याकडे २००२ ची पिवळी जीटीएक्स आहे, नवी घेतलेली, पहिल्या दिवसापासून त्याच चालवतात. दातांचा दवाखाना, त्यामुळे हात नाजूक आणि नजर तिखट. स्टीअरिंगमध्ये किंचित खेळ आला तरी त्यांना कळतो. त्या आल्या, गाळा रिकामा बघितला, काही विचारलं नाही. म्हणाल्या, "इंजिन पूर्ण करायचंय, रिंगपासून. पैसे आधी घ्या." गाडीला त्या वेळी इंजिनाची गरज नव्हती, तेल खात होती पण चाललं असतं. मी तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "दात दुखायची वाट बघायची नसते." शिवाय त्यांच्या एका पेशंटची स्विफ्ट, एका भावाची उनो, कुणाची तरी पुंटो, असं करत त्यांनी आम्हाला वर्षभर काम पुरवलं. मागच्या वर्षी एकाने त्यांच्या गाडीला अडीच लाख देऊ केले, जागेवर. बाईंनी त्याला विचारलं, "चालवणार की झाकून ठेवणार?" तो म्हणाला, गुंतवणूक. झालं, तिथेच सौदा फिस्कटला.

यानंतर लॉकडाऊन आला, तो सगळ्यांनाच आला. मामा आता संगमेश्वरजवळ गावी असतात, अडलं की व्हिडिओ कॉलवर आवाज ऐकवतो, ते टॅपेटचा की टेन्शनरचा ते सांगतात. २०२२ ला पोलो बंद झाली आणि जुन्या जीटीचे भाव चढले. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआय ५३ लाखांना आली, पहिल्या १५० गाड्या बघता बघता संपल्या. तेव्हापासून 'परवडणारी' हॉट हॅच शोधणाऱ्यांनी आमच्या दारात रांग लावली आहे.

घेणाऱ्यांना दोन शब्द, न विचारता. गाडी दिवसा बघा, पिवळ्या दिव्यात नको. मॅट उचला, स्पेअर व्हीलच्या खोलगटात हात घाला. ठाण्याच्या चार पावसाळ्यांत उभी राहिलेली गाडी वरून कधीच सांगत नाही. बिल दाखवलं तर बिलावरच्या नंबरवर फोन करा. पट्टा कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदललेला नाही असं धरा. १.२ ची जीटी टीएसआय घेत असाल तर ड्राय क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा, त्याचं मेकाट्रॉनिक, म्हणजे गिअर बदलणारा मेंदू, गेलं तर खिशाला भोक पडतं. कोन फिल्टर आणि मोठा सायलेन्सर लावू नका, आवाज वाढतो, पिकअप नाही. झेनमध्ये एस्टीमचं इंजिन बसवून देतो म्हणणारे भेटतील, ते आरसी बुकावर चढवून देणार का ते आधी विचारा. पंधरा वर्षांनी रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी करायचं असतं. २०२२ पर्यंत त्याची फी ६०० होती, मग ५,००० झाली, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,०००. वर ग्रीन टॅक्स. 'व्हिंटेज' म्हणून सवलत मागायला जाऊ नका, त्याला पन्नास वर्षं लागतात.

आणि ई-ट्वेंटी, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. जुन्या रबरी पेट्रोल पाइपांना इथेनॉल चालत नाही, ते फुगतात, भेगाळतात, आणि इंजिन गरम असताना पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय ते सांगायला नको. पाइप आणि सील इथेनॉलला टिकणारे बसवून घ्या, आणि तेच पेट्रोल टाकीत ठेवून गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, ते पाणी धरतं. गंमत म्हणजे पालिओ ब्राझिलमध्येही विकली जायची आणि तिथल्या पेट्रोलात कित्येक वर्षं वीस-बावीस टक्क्यांच्या वर इथेनॉल असतं. म्हणून तिथल्या मापाचा माल मिळाला तर आम्ही तोच घेतो. सहा-सात मालक मिळून मागवतात, कस्टम ड्युटी वाटून घेतात. पुढची खेप हेड गॅस्केटची आहे, डॉक्टरबाईंचे पैसे सगळ्यांत आधी आले.

नवी मुंबईवाल्याने मध्यंतरी माणूस पाठवला होता. त्याच्याकडे तीन पालिओ पडून आहेत, गिऱ्हाईक तयार आहे, पण आता घेणारे टायमिंगचा फोटो मागतात, लॉक लावलेला. लॉकचा डबा दोन दिवस भाड्याने हवा होता. मी जुन्या उधारीची यादी काढून त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, आधी एवढं फेडा, मग गाडी इकडे आणा, डबा बाहेर जाणार नाही. यादी घेऊन गेलाय. अजून परत आलेला नाही.