रॅडबर्नचा उजवा हात

५ फेब्रुवारी

बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, चार्ल्स रॅडबर्न याची आज पुण्यतिथी. १८९७ साली अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन गावी तो गेला, वय अवघं ४२. त्याचं नाव निघालं की ५९ की ६० हा वाद हटकून येतो: १८८४ च्या हंगामात प्रॉव्हिडन्स ग्रेज या संघासाठी त्याने नेमके किती सामने जिंकले? (बेसबॉलमध्ये संघाचा विजय एका पिचरच्या नावावर मांडतात.) घोळ आहे २८ जुलैच्या सामन्याचा. सामन्याच्या नऊ डावांपैकी पहिले ५ त्याच्याच संघातल्या मिलरने टाकले, सहाव्यात प्रॉव्हिडन्सने आघाडी घेतली, मग उरलेले डाव रॅडबर्नने. गुणलेखकाने विजय रॅडबर्नच्या नावावर मांडला. आजच्या नियमाने तो आघाडीआधी टाकणाऱ्या मिलरचा. म्हणून ५९.

खरं तर या वादापेक्षा कितीतरी मोठा आकडा शेजारीच आहे: त्या हंगामात त्याने टाकलेले ६७८ डाव आणि वर २ बाद. डावाला तीन बाद धरले तर २०३६ बाद, एका हंगामात, एका हाताने! सुरू केलेले ७३ च्या ७३ सामने त्यानेच संपवले. आजचा पिचर २०० डाव टाकला तरी थकतो.

तेव्हाचे नियम वेगळे होते, हे खरं. पिचरला उभं राहायला आजच्यासारखा मातीचा उंचवटा नव्हता, सपाट जमिनीवरच्या चौकटीतून, जेमतेम ५० फुटांवरून चेंडू टाकायचा. आजच्या चौथ्याऐवजी सहाव्या ‘बॉल’ला (पट्ट्याबाहेर पडलेल्या चेंडूला) फलंदाजाला चालत पहिला बेस मिळे. पण फलंदाज उंच की खाली चेंडू हवा ते मागून घेई, आणि मारलेला चेंडू फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला तर स्ट्राइक (तीन झाले की फलंदाज बाद) धरत नसत. म्हणजे एकेका फलंदाजासाठी चेंडू बरेच पडत.

एवढा भार एकट्यावर आला तो जुलैत. दुसरा पिचर स्वीनी २२ जुलैला भर सामन्यात मैदान सोडून गेला आणि संघाने त्याला काढलं. रॅडबर्न स्वतः त्याआधी निलंबित होता. जादा पैसे आणि हंगामानंतर करारातून मोकळीक, या बोलीवर तो परतला आणि पुढे सलग १८ सामने जिंकला.

व्यवस्थापक बॅनक्रॉफ्टने नंतर सांगितलं, की सकाळी त्याचा हात केस विंचरण्याइतकाही वर जात नसे. सामन्याआधी तो आधी काही फुटांवरूनच चेंडू टाके, दुखत दुखत. मग एकेक पाऊल मागे सरकत, हात मोकळा होईस्तोवर. शेवटी थेट आउटफिल्डमधून (मैदानाच्या दूरच्या भागातून) होम प्लेटपर्यंत, म्हणजे फलंदाजाच्या जागेपर्यंत, फेक पोचली, की तो तयार.

ऑक्टोबरात दुसऱ्या लीगचा विजेता संघ न्यूयॉर्क मेट्रोपॉलिटन्सविरुद्ध २३, २४, २५ असे लागोपाठ तीन दिवस सामने झाले. तिन्ही त्यानेच टाकले, तिन्ही जिंकले.