रिव्हर क्लाइड, 1:350 : जहाज झालं, समुद्र अडलाय

चार महिने झाले. जहाज उभं आहे, समुद्राचा मात्र पत्ता नाही.

रिव्हर क्लाइड या ब्रिटिश जहाजाचं मॉडेल करतोय, मूळच्या साडेतीनशेव्या भागाएवढं. तयार किट मिळेना, म्हणून प्लॅस्टिक शीट कापून सगळं घरीच बांधलं. कोळसा वाहणारं साधं मालजहाज, या स्केलला जेमतेम फूटभर. पहिल्या महायुद्धात, 25 एप्रिल 1915 च्या सकाळी, पोटात सुमारे दोन हजार सैनिक घेऊन, ते तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या व्ही बीच या किनाऱ्यावर मुद्दाम रुतवलं. माणसांना बाहेर पडता यावं म्हणून दोन्ही कुशींना दारं कापलेली होती. सामुद्रधुनीच्या पलीकडेच ट्रॉय, त्यामुळे लाकडी घोड्याची आठवण तेव्हाही निघालीच. पण तो घोडा निदान रात्री उघडला होता. इथे दिवसाढवळ्या दारं उघडली आणि समोर सेद्दुलबहिरच्या किल्ल्यातून, टेकडीवरच्या खंदकांतून तुर्की बंदुका रोखलेल्या. आत अडकलेले बरेचसे सैनिक शेवटी अंधार पडल्यावरच उतरू शकले.

ती दारं कापताना ब्लेड दोनदा घसरलं. पुट्टी, पॉलिश पेपर, पुन्हा पुट्टी. रंगकामात मात्र सुटलो. मूळ जहाजाला वाळूचा पिवळट रंग द्यायला घेतला होता आणि तो अर्धवटच राहिला. स्पंजाच्या तुकड्याने ठिगळं थापली, काम झालं. मॉडेलवाल्याला एवढी सूट इतिहास क्वचितच देतो.

मग पूल. त्या सकाळी जहाज आणि किनारा यांच्यामध्ये एक सपाट बोट लावायची होती, ती भलतीकडेच गेली. कमांडर एडवर्ड अनविन आणि खलाशी विल्यम विल्यम्स पाण्यात उतरले आणि लायटर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट होड्या, दोरीने धरून उभे राहिले. विल्यम्स तिथेच मारला गेला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. माझा दोर म्हणजे निरांजनाच्या ज्योतीवर ताणलेला स्प्रू, किटच्या चौकटीची प्लॅस्टिकची काडी. सहा वेळा तुटला.

आता अडलंय कुठे, ते सांगतो. वैमानिक सॅमसन त्या सकाळी वरून गेला, तेव्हा त्याला किनाऱ्यापासून 50 यार्डांपर्यंत पाणी लाल दिसलं. 1:350 ला ते होतात 13 सेंटिमीटर. माझा अख्खा बेस 40 सेंटिमीटरचा आहे. एका मित्राच्या सांगण्यावरून पाणी दाखवायच्या जेलवर पातळ लाल ग्लेझ मारून पाहिलं. कोकम सरबत दिसलं, दुसरं काही नाही. त्याच रात्री थिनरने पुसून टाकलं.

रंगाने सांगायचं नाही, माणसांनी सांगायचं, असं ठरवलं. डब्लिन फ्युजिलियर्स या आयरिश पलटणीचे बहुतेक सैनिक जहाजात नव्हते, ते उघड्या होड्यांतून आले. ती बटालियन युद्ध सुरू झालं तेव्हा मद्रासला होती आणि तिचं मूळ ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास पलटणीत. रेझिनची 5 मिलिमीटरची माणसं मागवली. पाकीट उघडल्यावर लक्षात आलं, सगळी उभी किंवा चालणारी. पडलेला माणूस पाकिटात नसतोच. म्हणजे प्रत्येकाला गरम पाण्यात धरायचं, चिमट्याने गुडघा मोडायचा, मान वळवायची. एका होडीला एक अख्खी संध्याकाळ जाते. आतापर्यंत 61 झाले. चाळीसच्या पुढे हात आपोआप चालायला लागला, तेव्हा चिमटा खाली ठेवला आणि दोन आठवडे टेबलाकडे फिरकलो नाही.

त्या किनाऱ्याला लागूनच दफनभूमी आहे. तिथे 696 जणांची नोंद आहे आणि त्यांतल्या 480 कबरींतलं कोण, हे माहीत नाही. डब्लिनचे पाद्री विल्यम फिन तिथेच आहेत. पुढच्या आठ महिन्यांत दोस्त राष्ट्रांचे सुमारे 44,000 आणि तुर्कांचे 86,000 हून अधिक मेले. म्हणून बेस मागे आठ सेंटिमीटर वाढवतोय, खंदकांतली माणसंही दिसायला हवीत. आधीच्या आराखड्यात ती नव्हतीच, चूक माझी.

वाळूसाठी पांढरी रांगोळी, चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली. या स्केलला खरी वाळू म्हणजे धोंडे वाटतात. फेविकॉल पातळ करून लावा, नाहीतर गोळे होतात.

हे संपलं की खेचरं. ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्याच्या 26 व्या जेकब्स माउंटन बॅटरीने, खेचरांवर तोफा वाहणाऱ्या तुकडीने, त्याच दिवशी अँझॅकच्या (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याच्या) किनाऱ्यावर तोफा उतरवल्या होत्या. 1:72 मध्ये ओझं लादलेलं खेचर कुणी पाहिलं असेल तर कळवा. आणि उथळ पाण्यासाठी जेलचे थर किती देता तेही सांगा, माझा तिसरा थर दुधाळ झालाय.