एका पैशाचा खटला

पेपर हातात आला की आधी पानं मोजणारी माणसं मला आवडतात. दसरा-दिवाळीला अंक जाडजूड झाला की ती खूश. एखाद्या दिवशी सडपातळ आला की "आज काहीच नाही हो!" म्हणत पुरवणी कुठे अडकलीय का ते झटकून बघणार. त्यांच्या या हिशेबीपणाला हसू नये. पुण्यातल्या एका दैनिकाचा असाच हिशेब थेट सुप्रीम कोर्टात गेला होता.

डॉ. नानासाहेब परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आले आणि १ जानेवारी १९३२ रोजी त्यांनी 'सकाळ' सुरू केला. अग्रलेखांवर पोसलेल्या शहराला त्यांनी बातमीची आणि बाजारभावाची गोडी लावली. मला तर हे धाडसच वाटतं. पुण्यात मत न देता नुसती माहिती द्यायची!

पुढे १९५६ चा एक कायदा आणि त्याखाली १९६० चा आदेश आला. पानं किती, त्यावर किंमत ठरणार. बड्या पेपरांनी छोट्यांना गिळू नये, हा सरकारचा हेतू. 'सकाळ' तेव्हा ७ नव्या पैशांना मिळे. पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे रविवार सोडून आठवड्याला ३४. नव्या तक्त्याप्रमाणे ७ पैशांत बसत होती २४. जुनी पानं ठेवायची तर ८ पैसे घ्या. फरक एका पैशाचा, पण दर वाढला की गिऱ्हाईक तुटतं, पानं घटली की बातमी जाते. शेवटी 'सकाळ' कोर्टात उभा राहिला. २५ सप्टेंबर १९६१ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. निकाल लिहिला न्यायमूर्ती मुधोळकरांनी. खप आणि पानं यांवर घाला म्हणजे भाषणस्वातंत्र्यावरच घाला, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या वर्गात हा खटला आजही शिकवतात.

मला मात्र कौतुक वाटतं ते 'सकाळ'च्या दोन वाचकांचं. त्यांनीही स्वतंत्र अर्ज केले होते. एरवी पेपरवाला बिल घेऊन आला की खाड्यांचे पैसे कापून घेणारी आपली जात. ती पेपरच्या बाजूनं दिल्लीपर्यंत गेली ती स्वातंत्र्यासाठी, की वरच्या एका पैशासाठी? मला विचाराल तर दोन्हींसाठी, आणि पैसा किंचित पुढे.